कोल्ह्याची शेपटी

कामेनित्साच्या रेडिओ क्लबचं बातमीपत्र दर रविवारी सकाळी, चर्चच्या घंटा थांबल्या की हवेवर सुरू होतं. वाचतो क्लबचा अध्यक्ष ग्वोझ्देन, आणि मन लावून ऐकतात बहुतेक तेच, ज्यांची नावं त्यात असतात. स्त्राहिन्या बेकरीवाल्याने या आठवड्यात रेडिओवरून न्यूझीलंड गाठलं, ही बातमी स्त्राहिन्याच शनिवारी ग्वोझ्देनच्या कानावर घालतो आणि रविवारी ती नव्याने ऐकून खूश होतो. दातांचा डॉक्टर ओब्रेन, त्याची अँटेना पुन्हा वाऱ्याने पडली, हे तर अख्ख्या गावाने आधीच पाहिलेलं असतं, कारण ती दरवेळी शाळेच्या छपरावर पडते. तरी ग्वोझ्देन हे सगळं युद्ध संपल्याची घोषणा करावी अशा थाटात वाचतो. निवृत्त भूमापक आहे तो. आयुष्यभर लोकांच्या हद्दी ठरवल्या, आता क्लबचे नियम ठरवतो.

क्लबची सभासद नसताना हे बातमीपत्र एकदाही न चुकवणारी गावात एकच बाई होती, ती म्हणजे रोसांदा. क्लब तिच्या नवऱ्याने, वुकाशिनने काढलेला. त्याला जाऊन दोन हिवाळे झाले होते. पीठ मळता मळता ती फडताळावरचा छोटा रेडिओ लावायची आणि एका बातमीची वाट पाहायची. तशी ती बातमी दोनदा येऊनही गेली होती. ‘येत्या शनिवारी, हवामान बरं असल्यास, सभासद रोसांदावहिनींकडे जमून कौलं चाळून देतील आणि सरपण रचून देतील.’ त्यानंतर कितीतरी शनिवार आले, आणि ऊन तर असं पडलं की मिरच्या दारातल्या दारात वाळल्या. पण एकही माणूस फिरकला नाही. रस्त्यात भेटले की मात्र सगळे छातीवर हात ठेवून पुढच्या शनिवारचा वायदा करत, आणि रोसांदा मनात म्हणायची, यांचा आवाज न्यूझीलंडला पोचतो, यांचे पाय कोपऱ्यावरून वळत नाहीत.

हसून सोडून द्यायची वेळ मात्र आता राहिली नव्हती. तिचा मुलगा नेबोयशा नोवी साद शहरात असायचा, एका उंच इमारतीत, सहाव्या मजल्यावर. गेल्या हिवाळ्यात ती स्वयंपाकघरात जागोजागी पातेली मांडून गळतं पाणी धरत होती, ते त्याने पाहिलं आणि तेव्हापासून घोषा लावला. ऑक्टोबर लागताच त्याचा फोन आला.

“आई, शनिवारी संध्याकाळी येतोय. लाकडं आत गेलेली नसली आणि कौलं तशीच असली, तर वाद घालायचा नाही. बॅग भरायची आणि माझ्याबरोबर यायचं. कबूल?”

“कबूल,” ती म्हणाली.

नोवी सादला ती एकदा राहून आली होती. लिफ्टमध्ये भेटेल त्याला ती ‘देव भलं करो’ म्हणायची आणि लोक आपापल्या बुटांकडे बघायचे. सून चांगली होती, नातवंडं गोड होती, पण तिला तिथे करमलं नाही ते नाहीच. आणि इथे वुकाशिनची खोली होती. पूर्वी ती कोठीची खोली होती. लोणच्यांच्या बरण्या हलवून त्याने तिथे आपला मोठा रेडिओ मांडला होता, शेजारी टकटक करून मोर्सचे संदेश पाठवायची पितळी कळ, आणि कळीवर रोसांदाने विणलेला जाळीचा रुमाल. छपरावरून अक्रोडाच्या झाडापर्यंत गेलेली अँटेनाची तार तिने कुणालाही काढू दिली नव्हती. दर शनिवारी ती थोडा वेळ रेडिओ चालू करून ठेवायची, कारण बंद राहिला की ओल धरतो असं वुकाशिन म्हणायचा.

बाकी त्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. चाळीस वर्षं तो भिंतीपलीकडे टकटक करत बसला आणि ती अलीकडे जाम ढवळत राहिली. एक गोष्ट तेवढी तिला येत होती, आणि ती येते हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. प्रत्येक रेडिओवाल्याला सरकारकडून अक्षर-आकड्यांचं एक नाव मिळतं, आणि हवेवर आला की आधी ते वाजवावं लागतं. वुकाशिनचं नाव रोज संध्याकाळी भिंतीतून झिरपत झिरपत तिच्या बोटांत उतरलं होतं. दा-दी-दा-दा, आणि पुढचं सगळं. त्यात कुठली अक्षरं आहेत हे तिला सांगता आलं नसतं. पण पळी पातेल्याच्या काठावर आपटताना ताल तोच पडायचा.

मंगळवारच्या बाजारात ग्वोझ्देनने तिला मिरच्यांच्या ढिगाशी गाठलं.

“वहिनी, तुमच्याकडे एक नाजूक काम आहे.”

“कौलांचं का?”

ग्वोझ्देनने एक मिरची उचलून उगीच निरखली. “ते तर ठरलेलंच आहे. हवामान जरा बसू दे. हे वेगळं. यंदाचा कोल्हा तुम्ही लपवायचा.”

कोल्ह्याची शिकार म्हणजे क्लबचा वर्षातला सगळ्यात मोठा सण. कोल्हा म्हणजे साबणाच्या डब्याएवढा एक ट्रान्समीटर. तो कुठेतरी लपवून ठेवायचा. तो तिथून टिटि-टिटि करत राहतो, आणि शिकारी हातात गोल अँटेना धरून, हेडफोन लावून, जिकडून आवाज जोरात येईल तिकडे रानोमाळ धावत सुटतात. ज्याचा हात आधी लागेल तो जिंकला. पोरंटोरं नव्हेत, पिकल्या केसांची माणसं ही. निम्मे तर गुडघ्यांसाठी गोळ्या घेतात. गेल्या वर्षी कोल्हा लपवला स्त्राहिन्याच्या मेहुण्याने आणि जिंकला स्त्राहिन्या. ओब्रेन भर सभेत म्हणाला, कोल्ह्याला ताज्या पावाचा वास येत होता. झालं, दोघं कितीतरी दिवस हवेवरही एकमेकांना ओ देईनात. म्हणून ग्वोझ्देनने नवा नियम केला होता. लपवणारा कुणाचा सगासोयरा नसावा, आणि शिकार चालू असताना त्याने कोल्ह्याबद्दल तोंड उघडलं किंवा बोट दाखवलं, तर शिकार रद्द आणि सगळे आपापल्या घरी.

“तुम्ही कुणाच्याच नाही, म्हणून तुम्ही,” ग्वोझ्देन म्हणाला. त्याला ते कौतुकाने म्हणायचं होतं.

रोसांदाला ते लागलं. पण लागल्या लागल्याच तिच्या डोक्यात काहीतरी चमकून गेलं आणि तिने मिरच्यांची पिशवी खाली ठेवली.

“कुठेही लपवला तर चालतो?”

“गावाच्या हद्दीत कुठेही. शिकार शनिवारी.”

“आणि वुकाशिनचा नियम अजून चालू आहे ना?”

ग्वोझ्देनला हा प्रश्नच आवडला नाही. वुकाशिनचा नियम क्लबच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत लावलेला होता. शिकारी ज्या आवारात शिरेल, ते आवार आधीपेक्षा नीटनेटकं करून मगच बाहेर पडेल. एका वर्षी शिकाऱ्यांनी टेकडीखालच्या मिलुन्काची अख्खी कोबी तुडवली होती आणि मिलुन्का कोयता घेऊन क्लबात आली होती, तेव्हाचा तो नियम.

“मग यंदा पासुल्य मी क्लबात शिजवणार नाही,” रोसांदाने जाहीर केलं. “जिथे कोल्हा, तिथे पासुल्य.” धुरावलेल्या बरगड्या घातलेलं तिचं पांढऱ्या घेवड्याचं कालवण म्हणजे या शिकारीचं खरं बक्षीस होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ग्वोझ्देनने ते लगेच मान्य केलं.

शुक्रवारी तो कोल्हा घेऊन आला. फाटकाबाहेरच उभा राहिला. आत या म्हटलं तर म्हणाला, घाई आहे. तिथूनच त्याने तिला समजावलं. ही लांब तार म्हणजे कोल्ह्याची शेपटी. ही उंचावरून मोकळी सोडायची. कोल्हा बोलतोय की नाही ते वुकाशिनच्या रेडिओवर बघायचं, मोठं बटण हळूहळू फिरवत टिटि ऐकू येईपर्यंत. एवढं सांगून तो असा निघून गेला की जणू फाटकाला हात लागला तर शॉक बसेल.

शनिवारी सकाळी रोसांदाने कोल्हा ठेवला तो आपल्याच अंगणात. ट्रकवाल्याने ओतलेल्या लाकडांच्या डोंगराच्या बरोबर तळाशी. अख्खा डोंगर हलवल्याशिवाय कुणाचा हात पोचणार नव्हता, आणि हलवलेली लाकडं वुकाशिनच्या नियमाप्रमाणे शेडमध्ये रचूनच ठेवावी लागणार होती. शिडी तिने आधीच भिंतीला टेकवून ठेवली. नवी कौलं सहज कुणीतरी विसरून गेल्यासारखी शिडीच्या पायाशी मांडली. अंगणात कढई चढवली आणि सगळ्याकडे एकदा लांबून पाहिलं. फार समाधान वाटलं तिला.

फक्त ती शेपटी. लाकडांतून वर निघून ती अंगणात लोंबत होती, वाऱ्यावर इकडे तिकडे फडफडत होती. रोसांदाच्या अंगणात चाळीस वर्षांत काही लोंबलं नव्हतं. तिने डोळ्याआड करून पाहिलं, दोनदा कढईशी जाऊन आली, पण हात स्वस्थ बसेनात. शेवटी तिने कपड्यांचे चिमटे घेतले आणि ती शेपटी वाळत घालायच्या तारेला ओळीने नीट लावून टाकली. मग आत जाऊन रेडिओचं बटण फिरवलं. टिटि-टिटि खणखणीत येत होतं. रेडिओ तसाच चालू ठेवून ती बाहेर आली.

क्लबाच्या दारातून ग्वोझ्देनची शिट्टी वाजली ती टेकडीपर्यंत ऐकू आली. रोसांदाचं घर टेकडीच्या माथ्यावर, त्यामुळे तिला सगळं पटावर मांडल्यासारखं दिसत होतं. पुलाजवळ पांगलेले शिकारी एकेक करून तिच्या दिशेला वळले. पुढे स्त्राहिन्या, हाताने पोट सावरत. मागे ओब्रेन, अँटेना आरशासारखी तोंडासमोर धरून. ग्वोझ्देनही शिकारीत होताच. नियम करणाऱ्याने खेळू नये असा नियम त्याने केलेला नव्हता. रोसांदाने पासुल्यात पळी फिरवली आणि वाडगी पुसून ठेवली.

टेकडीच्या पायथ्याला आले आणि सगळे डावीकडे वळले. खाली मिलुन्काची द्राक्षबाग होती, तिच्यात शिरले. रोसांदा वाट बघत राहिली. आता निघतील, मग निघतील. पण ते निघेनात. वेलींच्या ओळींमधून पुढे जायचे, मागे यायचे, अँटेना फिरवायचे, वाकून पानं चाचपायचे. मग मिलुन्का बाहेर आली. तिने हातवारे करून काहीतरी सांगितलं, शिकाऱ्यांनी माना डोलावल्या, आणि थोड्याच वेळात बागेत पेट्या आल्या. क्लबची सगळी माणसं खाली बसून द्राक्षांचे घड तोडू लागली.

मिलुन्काने काय सांगितलं असणार, हे रोसांदाला तिथूनही ऐकू आल्यासारखं झालं. काहीतरी लपवलंय ना, मग घडांखालीच असेल, तोडून बघा की. आणि वुकाशिनचा नियम लक्षात आहे ना, भाऊ? आधीपेक्षा नीटनेटकं. त्या बाईची द्राक्षं पिकून गळायला आली होती आणि मजूर मिळत नव्हते, हे तीच परवा बाजारात रडून सांगत होती.

रोसांदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हे असं झालंच कसं? तिने अंगणात नजर फिरवली आणि ती कपड्यांच्या तारेवर येऊन थांबली. ही तार वुकाशिननेच बांधलेली. शेडपासून निघून ती अंगणाच्या कडेला द्राक्षवेलींच्या पहिल्या खांबाला गुंडाळलेली होती, आणि तिथून वेलींच्या तारा खांबामागून खांब करत, एकमेकींचा हात धरून उतारावरून थेट मिलुन्काच्या बागेत गेल्या होत्या. दर वर्षी शिकारीआधी वुकाशिन घसा फोडून सांगायचा, ते तिला आत्ता आठवलं. द्राक्षबागेजवळ कोल्हा ठेवू नका रे. लोखंडी तारेला रेडिओचं वेड फार. तिला शेपटी लागली की तीच बोलायला लागते, आणि मग कोल्हा सगळीकडे असतो आणि कुठेच नसतो.

ती धावत गेली आणि तिने चिमटे उपटले. शेपटी मोकळी झाली. पण खाली आता कुणाचंच कानाकडे लक्ष नव्हतं. हेडफोन गळ्यात लोंबत होते आणि मिलुन्का गिबानित्साचं ताट घेऊन ओळींतून फिरत होती. चीजच्या त्या पिवळ्या पोळीचे चौकोन रोसांदाला टेकडीवरूनही मोजता आले असते. मिलुन्काने वर पाहिलं, तळहात तोंडाशी धरला आणि हाक मारली.

“रोसांदा, बरी आहेस ना गं? माझ्याकडे जरा पाहुणे आलेत!”

रोसांदाने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ती बोलली असती तर शिकार रद्द. शिकार रद्द झाली की ग्वोझ्देन शिट्टी वाजवून सगळ्यांना घरी पाठवणार, तिथे तो सख्ख्या भावाचं ऐकत नाही. लाकडांचा डोंगर तसाच होता. शिडी भिंतीला टेकून उभी होती. उन्हं अक्रोडाच्या शेंड्यावर गेली होती आणि नेबोयशा आत्ता वाटेत असेल. तिला एकदम दिसलं की ती आज रात्री सहाव्या मजल्यावर झोपणार आहे, आणि या घरात पावसाचं पाणी पातेल्यांशिवाय पडत राहणार आहे. तिला रडू आलं. वुकाशिनचा रागही आला. एवढी माणसं जमवलीस, एवढी वर्षं माझ्या हातचं खायला घातलंस, आणि गेलास तर एकालाही माझा पत्ता देऊन गेला नाहीस.

आतल्या खोलीत रेडिओ अजून टिटि-टिटि करत होता. ती त्याला बंद करायला गेली. जायचंच आहे तर सगळं नीट बंद करून जावं. हात बटणाकडे गेला आणि वाटेत जाळीच्या रुमालावर थांबला. तिने रुमाल काढला. कळीचं पितळ थंड होतं. वुकाशिनच्या बोटांनी तिच्या टोकाला जरासा खड्डा पडला होता, तिथे तिने आपलं बोट ठेवलं.

ठरवून तिने काही केलं नाही, असं ती पुढे सगळ्यांना सांगायची. बोटांनीच केलं. दा-दी-दा-दा, आणि पुढचं सगळं, शेवटच्या लांब ‘दा’पर्यंत. हा शेवटचा ‘दा’ वुकाशिन नेहमी गरजेपेक्षा लांबवायचा, कारण तेवढ्यात दुसऱ्या हाताने तो कॉफीचा कप उचलत असे. रोसांदाला वाटायचं ते नावातच आहे. तिनेही तो तितकाच लांबवला. मग पुन्हा एकदा, आणि पुन्हा एकदा. कोल्हा म्हणजे कुजबुज होती. वुकाशिनचा रेडिओ म्हणजे टेकडीवरून मारलेली आरोळी होती.

ती दारात आली. खाली बागेत सगळे उभे राहिले होते. कुणी हलत नव्हतं. स्त्राहिन्याच्या हातात अर्धा खाल्लेला गिबानित्सा तसाच होता. गळ्यातले हेडफोन आधी ओब्रेनने उचलून कानाला लावले, मग बाकीच्यांनी. रोसांदा आत गेली, पुन्हा तेच वाजवलं आणि बाहेर आली. आता सगळ्या अँटेना वर उचललेल्या होत्या आणि सगळ्या एकाच दिशेला वळलेल्या होत्या. स्त्राहिन्याने डोक्यावरची टोपी काढली. मग तो वर चालायला लागला. मग बाकीचे. अर्ध्या उतारावर आले तेव्हा ते पळत होते, गोळ्या घेणारेसुद्धा, आणि मिलुन्का रिकाम्या बागेत ताट धरून एकटीच उभी होती.

फाटकाशी येऊन ते थांबले. धापा टाकत होते. कुणी कोल्ह्याचं नाव काढलं नाही. ओब्रेनचे डोळे लाल झाले होते आणि तो ते लपवतही नव्हता. ग्वोझ्देन सगळ्यांत मागून आला आणि सगळ्यांत पुढे उभा राहिला.

“कळीवर कोण आहे?”

“मी,” रोसांदा म्हणाली.

“तुमच्याकडे परवाना नाही.”

“नाही.”

“आणि लपवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, असा नियम आहे.”

“नियमात बोलणं आहे, बोट दाखवणं आहे,” ओब्रेन नाक पुसत म्हणाला. “वाजवणं नाही.”

ग्वोझ्देनने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो वुकाशिनच्या खिडकीकडे बघत होता. मग त्याने फाटकाची कडी काढली. दोन हिवाळ्यांनंतर पहिल्यांदा तो अंगणात आला आणि त्याला पुढे काय करायचं ते कळेना.

“वहिनी, आम्ही आळशी आहोत असं तुम्हाला वाटलं असेल.”

“वाटलं नाही, आहातच.”

“आहोत. पण हे ते नव्हतं. दर शनिवारी निघायचो. कोपऱ्यावर आलं की ही अँटेना दिसायची, आणि खाली तो नाही. मग पाय पुढे जायचे नाहीत. एकमेकांना सांगायचो, हवामान बरं नाही.” त्याने खिडकीकडे मान वळवली. “अजून एकदा वाजवा. एकदाच. शेवटचा लांबव... लांबवा, तो लांबवायचा तसा.”

रोसांदाने खिडकी उघडी टाकली आणि वाजवलं. ती मोठी माणसं अंगणात उभी राहून ऐकत होती. शेवटच्या ‘दा’ला स्त्राहिन्याने आपला रिकामा हात नकळत वर उचलला, कप उचलावा तसा, आणि ते पाहून ओब्रेन हसला, आणि मग सगळेच हसले. रोसांदा खिडकीत रडत होती आणि हसत होती. तिला वाटलं, इतके दिवस आपण एकट्याच या घरात त्याची वाट बघतोय असं धरून चाललो, आणि ही सगळी माणसं तिकडे कोपऱ्यावर उभी होती.

“आणि कोल्हा?” स्त्राहिन्याने शेवटी विचारलं. बेकरीवाला झाला तरी माणूस जिंकायला आलेला होता.

रोसांदाने ओठ घट्ट मिटून घेतले. पण शेपटी लाकडांतून डोकावत होती, आणि ती ओब्रेनने आणि स्त्राहिन्याने एकाच वेळी पाहिली. पुढचा तासभर त्या अंगणात जे चाललं त्याला शिकार म्हणावं की दंगल, हे सांगणं कठीण. लाकडं उडत होती, शेडमध्ये रचली जात होती, नीट रचली नाहीत म्हणून ग्वोझ्देन ती पुन्हा काढायला लावत होता, हद्द आखून देत होता. डोंगर सपाट झाला तेव्हा दोघांचे हात कोल्ह्यावर एकत्र पडले, आणि कुणाचा आधी यावरून नवं भांडण सुरू झालं, ते पुढच्या शिकारीपर्यंत पुरेल इतकं चांगलं होतं. भांडण मिटेना म्हणून ओब्रेन रागारागाने शिडी चढून छपरावर गेला आणि एकेक कौल किडका दात तपासावा तसं ठोकून बघायला लागला. त्याचा राग बघायला बाकीचेही वर गेले. मिलुन्का उरलेला गिबानित्सा घेऊन आली आणि कुणी न विचारता म्हणाली की तिला तर आधीपासूनच शंका होती.

पासुल्य वाढायच्या आधी ग्वोझ्देनने कढईवर पळी आपटून सगळ्यांना गप्प केलं आणि बातमीपत्राच्या आवाजात निर्णय दिला. “या घरातून परवान्याशिवाय रेडिओ वाजवण्यात आला आहे. हा गंभीर प्रकार आहे. यापुढे दर शनिवारी क्लबचा एक परवानाधारक सभासद इथे देखरेखीसाठी हजर राहील आणि वहिनींना उरलेली अक्षरं शिकवील. वहिनी सरकारी परीक्षा पास होईपर्यंत ही शिक्षा चालू राहील.”

“हवामान बरं असल्यास?” रोसांदाने विचारलं.

ग्वोझ्देन जरासा लाजला. “हवामान कसंही असो.”

नेबोयशाची गाडी फाटकाशी थांबली तेव्हा अंधारायला आलं होतं. त्याने छपराकडे पाहिलं. तिथे दातांचा डॉक्टर चिमणीला पाठ टेकून वाडग्यातून पासुल्य खात होता. त्याने शेडकडे पाहिलं. मग तो आईजवळ आला. त्याने घोषा लावला होता खरा, पण तो वाईट मुलगा नव्हता, आणि त्याला ठरलेला प्रश्न विचारायलाच हवा होता.

“आई, बॅग भरलीस?”

“नाही रे. मला येता येणार नाही. मला शिक्षा झालीय.”

तिने सगळं सांगितलं. नेबोयशाने ग्वोझ्देनकडे पाहिलं, ग्वोझ्देनने अतिशय गंभीरपणे मान हलवली.

“म्हणजे किती दिवस?”

“परीक्षा पास होईपर्यंत.”

“तू? तू तर हिवाळा संपायच्या आत पास होशील,” नेबोयशा म्हणाला. शाळेत असताना त्याला पाढे आईनेच शिकवले होते.

“बघू,” रोसांदा म्हणाली आणि त्याचं वाडगं काठोकाठ भरलं. वर्गात ती नेहमी पहिली यायची. पण या परीक्षेत नापास व्हायचं तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं.